भुलीच्या अलीकडे, भुलीच्या पलीकडे

शस्त्रक्रिया म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शस्त्रक्रियागृहातला तो मोठा दिवा आणि त्याखाली वाकलेले शल्यचिकित्सक उभे राहतात. ते स्वाभाविक आहे, कारण दुखरा अवयव तिथेच दुरुस्त होतो किंवा काढला जातो. परंतु पित्ताशय काढण्याचे काम तासा-दीड तासात उरकते आणि रुग्ण मात्र आदल्या दिवसापासून टाके निघेपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या देखरेखीखाली असतो. या बाकीच्या सगळ्या वेळात त्याच्याकडे कोण पाहत असते आणि नेमके काय पाहत असते, याविषयी रुग्णालयाबाहेर फारसे बोलले जात नाही. मी परिचारिका आहे. शल्यकक्ष म्हणजे शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा वॉर्ड, शस्त्रक्रियागृह आणि रिकव्हरी रूम या तिन्ही ठिकाणी मी सरकारी नोकरीत काम केले आणि आता नर्सिंगच्या विद्यार्थिनींना हाच विषय शिकवते. मला ठामपणे म्हणायचे आहे ते इतकेच, की शस्त्रक्रिया झालेला माणूस पुष्कळदा वाचतो तो कोणीतरी वेळेवर पाहिले म्हणून. आणि असे पाहण्यासाठी माणूस लागतो, वेळ लागतो आणि काय पाहायचे याचे शिक्षण लागते.

या पाहण्याची सुरुवात आदल्या संध्याकाळी होते. राऊंडच्या वेळी डॉक्टर सर्व काही सांगतात, रुग्ण मान डोलावतो, संमतीपत्रावर सही किंवा अंगठा होतो आणि मंडळी पुढच्या खाटेकडे सरकतात. त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने सलाईनची सुई लावायला किंवा रक्तदाब घ्यायला परिचारिका गेली, की खरे प्रश्न बाहेर पडतात. "सिस्टर, मधेच जाग आली तर?" "पाठीत इंजेक्शन दिल्यावर कंबर कायमची जाते म्हणतात, खरं का?" "मी बेशुद्धीत काही बोलले तर कुणी ऐकेल का?" बायकांचा आणखी एक प्रश्न असतो आणि तो त्या अगदी खालच्या आवाजात विचारतात, की आत गेल्यावर माझे कपडे कोण काढणार. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही छापील माहितीपत्रकात नसते. ते सरळ द्यावे लागते: आत बाई असेल, जेवढा भाग उघडा लागतो तेवढाच उघडा होतो, बाकी अंगावर चादर असते, आणि शुद्ध नसली तरी तुमची लाज राखणे हे आमचे काम आहे. हे शब्द ऐकल्यावर खांदे सैल झालेल्या अनेक बायका मी पाहिल्या आहेत.

हा नुसता मायेचा मामला नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले भूलतज्ज्ञ लॉरेन्स एग्बर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी १९६४ साली पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या काही रुग्णांना आधी जाऊन सांगण्यात आले होते, की शुद्धीवर आल्यावर कुठे दुखेल, किती दुखेल, ते दुखणे का होते आणि कूस कशी वळवली, श्वास कसा घेतला म्हणजे ते कमी होते. ज्यांना असे सांगितले होते त्यांना वेदनाशामक औषध इतरांच्या सुमारे निम्मेच लागले आणि त्यांना घरीही लवकर पाठवता आले. औषध तेच होते, शस्त्रक्रिया त्याच होत्या. जास्तीचे काही दिले गेले असेल तर ते खाटेशेजारी बसून केलेले बोलणे. मी विद्यार्थिनींना सांगते, की आदल्या दिवशीच्या दहा मिनिटांचा हिशेब दुसऱ्या दिवशीच्या इंजेक्शनांत निघतो, म्हणून ती दहा मिनिटे फुकट गेली असे मानू नका. मात्र एक मर्यादा त्यांनी कायम पाळावी: रुग्णाला शस्त्रक्रियाच समजलेली नाही असे दिसले, तर स्वतः समजावून वेळ निभावून न्यायची नाही, डॉक्टरांना परत बोलवायचे. संमती घेणे हे त्यांचे काम आहे, आणि ती खरोखर मिळाली आहे की नाही हे लक्षात आणून देणे आपले.

पोट रिकामे ठेवण्याचा विषय सगळ्यांना सोपा वाटतो आणि तोच सर्वांत जास्त बिघडतो. भुलीखाली घशाचा ठसका बंद होतो, जठरातले वर आले तर ते फुप्फुसात उतरते, आणि जठरातले आम्ल फुप्फुसाला किती जाळते हे न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी बाळंतपणात भूल दिलेल्या स्त्रियांच्या अनुभवावरून १९४६ साली दाखवून दिले. आजचा सर्वसाधारण नियम असा आहे, की तेलकट, जड जेवणानंतर आठ तास, हलक्या खाण्यानंतर सहा तास, अंगावरच्या दुधानंतर चार तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास जाऊ द्यावेत. आता आपल्याकडच्या वॉर्डात काय होते ते पाहा. "उद्या काही खायचं नाही" असे म्हटले, की पहाटे चहा होतो, कारण चहा म्हणजे खाणे नव्हे. मिश्री लावली जाते, कारण ती तर थुंकायची असते. तंबाखूची चिमूट गालात राहते. म्हणून मी नाव घेऊन सांगत आले: चहा नाही, दूध नाही, बिस्कीट नाही, मिश्री नाही, तंबाखू नाही, आणि कोणी प्रसाद आणून दिला तर तो कपाळाला लावून नातेवाइकाजवळ ठेवायचा.

याची दुसरी बाजूही आहे आणि तिच्याबद्दल मला अधिक वाईट वाटते. रात्री दहानंतर सर्वांना सरसकट उपाशी ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी अजून आहे. यादीतल्या पहिल्या रुग्णाला ते ठीक असते. पण ज्याची पाळी दुपारी दोनला लागणार, तो सत्तरीचा म्हातारा सोळा तास कोरड्या घशाने पडून राहतो, आणि यादी लांबली तर "आज नाही, उद्या" असे ऐकून पुन्हा तेच भोगतो. मधुमेह असेल तर त्याची साखर खाली येते, शिरा आत जातात, सुई लावायला शीर सापडत नाही. सकाळी यादी हातात आली की भूलतज्ज्ञांना विचारायचे, की पाचव्या क्रमांकाच्या आजोबांना आठ वाजता पेलाभर पाणी दिले तर चालेल का. बहुतेक वेळा उत्तर 'हो' असते. विचारणारे कोणी नसते, एवढेच.

मग दागिने. कॉटरीने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या उपकरणाने, रक्तवाहिन्या बंद करताना शरीरातून वीज जाते, तिच्या वाटेत धातू आला तर भाजू शकते. हाताला सूज आली तर अंगठी रुतते. नखांना गडद रंग असेल तर बोटाला लावलेले ऑक्सिजनचे यंत्र नीट वाचत नाही आणि नख निळे पडले तरी दिसत नाही. ही सर्व कारणे खरी आहेत. पण मंगळसूत्र काढताना बाईचा हात थरथरतो, तेव्हा तिला कॉटरीची माहिती नको असते. काही जणींनी ते लग्नानंतर एकदाही उतरवलेले नसते, जोडवी तर बोटात रुतून बसलेली असतात. अशा वेळी ओढून घेऊन पाकिटात टाकायचे, की तिच्या नवऱ्याला किंवा सासूला आत बोलावून, तिच्या हाताने त्यांच्या हातात द्यायला लावायचे, हा फरक परिचारिकेच्या हाती असतो. भूलतज्ज्ञांची हरकत नसेल तर काळ्या मण्यांचा साधा दोरा मनगटाला चिकटपट्टीखाली ठेवू देण्यात काहीच बिघडत नाही. केसपेपरवर 'पिवळ्या धातूचे' अशी नोंद होते, घेणाऱ्याची सही होते, आणि त्या सहीबरोबर आपल्यावरची एक जबाबदारी संपते. तिच्या मनातली मात्र मंगळसूत्र परत गळ्यात पडेपर्यंत संपत नाही, म्हणून ती शुद्धीवर आल्यावर ते लवकर परत मिळेल एवढे पाहावे.

केस काढण्याविषयी एकच सांगते. पूर्वी आदल्या रात्री वस्तऱ्याने साफ करण्याची पद्धत होती. वस्तऱ्याने कातडीवर न दिसणाऱ्या जखमा होतात आणि रात्रभर त्यांत जंतू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात केस शक्यतो काढूच नयेत, काढायचे असतील तर क्लिपरनेच, म्हणजे केस कापायच्या यंत्रानेच, कापावेत असे स्पष्ट म्हटले आहे. तरीही वस्तरा अजून काही वॉर्डांच्या ट्रेमध्ये दिसतो, आणि तो दिसला की उचलून बाजूला ठेवायला वरिष्ठांची परवानगी लागू नये असे मला वाटते.

शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी नातेवाईक थांबतात, वॉर्डातले मामा स्ट्रेचर आत ढकलतात आणि रुग्ण एका परिचारिकेच्या हातून दुसरीच्या हाती जातो. हे सोपवणे घाईत झाले तर पुढच्या सगळ्या गोष्टी घसरू शकतात. नाव रुग्णाकडूनच वदवून घ्यायचे, "तुम्ही सखुबाई ना?" असे विचारले तर घाबरलेले माणूस कोणत्याही नावाला 'हो' म्हणते. कोणत्या बाजूचे ऑपरेशन, कशाची ॲलर्जी, रक्ताची सोय झाली आहे का, अँटिबायोटिक किती वाजता दिले, कवळी काढली का. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली अशा १९ मुद्द्यांची यादी सगळ्या जगासाठी तयार केली: काही मुद्दे भुलीपूर्वी, काही पहिला छेद घेण्यापूर्वी आणि काही रुग्ण खोलीबाहेर जाण्यापूर्वी मोठ्याने उच्चारायचे. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली, त्यांत दिल्लीचे एक होते. यादीआधी मृत्यूचे प्रमाण दीड टक्का होते, नंतर ते ०.८ टक्क्यावर आले, आणि गुंतागुंती अकरा टक्क्यांवरून सात टक्क्यांवर उतरल्या. पुढे कॅनडातल्या ऑन्टेरिओ प्रांतात १०१ रुग्णालयांनी ही यादी लागू केल्यावर जो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मात्र म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. या दोन निष्कर्षांत मला विरोध दिसत नाही. सगळे हात थांबवून, सगळ्यांनी ऐकून वाचलेली यादी आणि कोपऱ्यात उभे राहून एकीने भरलेल्या चौकटी, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रुग्ण बाहेर गेल्यावर भरलेली यादीही मी पाहिली आहे.

शस्त्रक्रियागृहात दोन परिचारिका असतात. एक हात धुऊन, निर्जंतुक गाऊन-मोजे घालून हत्यारे देते. तिला आम्ही स्क्रब म्हणतो. दुसरी सर्क्युलेटिंग, म्हणजे बाहेरून लागेल ते पुरवणारी आणि सर्वांवर नजर ठेवणारी. बाहेरच्या माणसाला पहिलीचे काम अधिक महत्त्वाचे वाटते. मला दुसरीचे अधिक अवघड वाटते. रुग्णाचा हात टेबलापासून नव्वद अंशांपेक्षा जास्त ताणला गेला तर खांद्यातल्या नसा ओढल्या जातात आणि शुद्ध असती तर तो ओरडला असता. आता तो ओरडू शकत नाही, म्हणून ते तिने पाहायचे. कोपराखाली, टाचेखाली, गुडघ्याच्या बाजूला मऊ घडी आहे का, कॉटरीची प्लेट कोरड्या जागी नीट चिकटली आहे का, स्पिरिट वाळण्यापूर्वी चादर तर टाकली नाही ना, पाठीखाली ओल साचली आहे का, हे सर्व तिचे.

आणि ऊब. एसी शल्यचिकित्सकांच्या सोयीसाठी लावलेला असतो. त्यांच्या अंगावर गाऊनचे थर असतात आणि रुग्ण उघडा असतो. १९९६ साली आंद्रेया कुर्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांवर केलेला अभ्यास आला. शस्त्रक्रियेत ज्यांचे अंग उबदार राखले होते त्यांच्यात जखमेत जंतुसंसर्ग सहा टक्के झाला, ज्यांचे तापमान सुमारे दोन अंशांनी उतरू दिले होते त्यांच्यात एकोणीस टक्के. गरम केलेले सलाईन, डोक्यावर टोपी, पायांत मोजे आणि छेद होईपर्यंत अंगावर पांघरूण, एवढ्याने यातले बरेच साधते. महागडे यंत्र नसले तरी पांघरूण प्रत्येक रुग्णालयात असते.

मोजणीविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल. पोट उघडण्यापूर्वी गॉझ, मॉप (रक्त टिपायच्या कापडी घड्या), सुया आणि हत्यारे दोघींनी मिळून मोठ्याने मोजायची, फळ्यावर आकडा लिहायचा. पोट बंद करण्यापूर्वी पुन्हा मोजायची आणि कातडी शिवण्यापूर्वी परत एकदा. रक्तात भिजलेला मॉप आतड्यांच्या घड्यांत सहज दडतो. एक्स-रेमध्ये दिसावा म्हणून त्यात खास धागा विणलेला असतो, पण एक्स-रे काढायचा की नाही हे मोजणीवरच ठरते. आता अशी वेळ येते, की शल्यचिकित्सक सकाळपासून उभे आहेत, पुढचा रुग्ण बाहेर थांबला आहे, पोट शिवायला टाका हातात घेतला आहे आणि नोकरीला लागून वर्षही न झालेली मुलगी म्हणते, "सर, एक मॉप कमी आहे. थांबा." आमच्या व्यवसायातले याहून अवघड वाक्य मला माहीत नाही. बहुतेक वेळा तो मॉप बादलीत दुसऱ्या मॉपला चिकटलेला सापडतो आणि सगळे तिच्याकडे नाराजीने पाहतात. त्या नाराजीला घाबरून ती पुढच्या वेळी गप्प बसली, तर कधीतरी एखादा मॉप खरोखर आत राहील. चांगला शल्यचिकित्सक मी यावरून ओळखते, की 'थांबा' ऐकल्यावर त्याचा हात थांबतो आणि तो स्वतःही आत पुन्हा चाचपून पाहतो.

जाता जाता एक आठवण द्यायला हवी. शस्त्रक्रियेतले रबरी हातमोजे आज रुग्णाच्या रक्षणासाठी घातले जातात. ते आले मात्र एका परिचारिकेच्या हातांसाठी. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९-९० च्या हिवाळ्यात शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांना जंतुनाशक पाऱ्याच्या द्रावणाने त्वचारोग झाला, म्हणून डॉ. विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ मोजे करवून घेतले. मोज्यांनी जखमाही कमी पिकतात हे नंतर लक्षात आले. नर्सच्या हातांची काळजी घेतल्यामुळे रुग्णाचे भले झाले याचा मला फार आनंद वाटतो.

रिकव्हरी रूम ही माझी सर्वांत आवडती जागा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ सालीच नोंदवले होते, की लहान ग्रामीण रुग्णालयांत शस्त्रक्रियागृहाला लागून एक छोटी खोली ठेवलेली असते आणि शस्त्रक्रियेचा तात्कालिक परिणाम ओसरेपर्यंत रुग्ण तिथे राहतात. भुलीतून बाहेर येण्याचा हा तास धोक्याचा असतो. जीभ मागे पडून श्वास अडतो, उलटी होते, थंडी भरते, रक्त वाहते. यंत्रे आकडे दाखवतात आणि आकडे लागतातच, पण त्यांच्या आधी पुष्कळ काही दिसते. तळमळणारा, नळ्या ओढणारा, उठून बसू पाहणारा रुग्ण दुखतेय म्हणून तळमळतो असे समजून झोपेचे औषध देण्याचा मोह होतो. त्याला कदाचित ऑक्सिजन कमी पडत असेल, आत रक्तस्राव होत असेल, किंवा नुसती लघवी तुंबली असेल. आधी ही तीन कारणे तपासायची, मगच दुखण्याकडे वळायचे. रक्तदाब अगदी शेवटी पडतो. त्याच्या कितीतरी आधी नाडी वेग घेते, तळहात गार पडतात, चेहऱ्यावरचे पाणी उतरते आणि माणूस उगीच पाणी पाणी करू लागतो.

ड्रेसिंग वरून कोरडे ठणठणीत दिसते म्हणून निर्धास्त होऊ नये. रक्त उताराने जाते. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर मानेच्या मागे, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर कमरेखाली, बाळंतिणीच्या मांड्यांखाली हात घालून पाहायचा. हे मला एका परिसेविकेने, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेने, शिकवले. त्या कधीही चादर वरून पाहून पुढे जात नसत. प्रत्येक रुग्णाच्या पाठीखाली हात घालत आणि बाहेर काढून दिव्याकडे धरत. एका रात्री अशा हाताला लाल लागले आणि गर्भाशय काढलेली एक बाई दहा मिनिटांत पुन्हा टेबलावर गेली. तिचा रक्तदाब तेव्हा जवळजवळ नेहमीसारखा होता. ती बरी होऊन गेली.

दुखणे मोजण्यासाठी पुस्तकात शून्य ते दहा अशी पट्टी आहे. शिकलेल्या रुग्णांकडून ती चालते. गावाकडच्या आजींना "दहापैकी किती?" विचारले तर त्या तोंडाकडे पाहतात, "रुपयाला किती आणे दुखतंय?" विचारले, की लगेच "बारा आणे हाय बघ" असे उत्तर येते आणि इंजेक्शननंतर तासाभराने तेच "चार आण्यावर आलं" असे होते. नोंद दोन्हींची करता येते. केरळातून आलेल्या कितीतरी सिस्टर आमच्याकडे काम करतात, आणि त्यांच्यातल्या चांगल्या मुली पहिल्या काही महिन्यांतच कळ, ठणका, चमक, मुरडा, आग यांतले भेद शिकून घेतात, कारण चौथ्या दिवशी टाक्यांत ठणका सुरू झाला तर जखम पाहायची असते आणि पोटरीत दुखू लागले तर डॉक्टरांना ताबडतोब बोलवायचे असते. बायका दुखणे कमी सांगतात, विशेषतः सासरची माणसे शेजारी असतील तर. त्यांचे कपाळ आणि मुठी पाहाव्यात.

रिकव्हरीतून वॉर्डात आल्यावर जे होते, त्याविषयी मी शांतपणे लिहू शकत नाही. परत आलेल्या रुग्णाची नाडी, रक्तदाब, श्वास, लघवी, ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी) पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी, मग दर अर्ध्या तासाने, मग तासातासाने पाहायचे, असे आम्ही शिकवतो. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण शिक्षणसंलग्न रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक असे आहे. प्रत्यक्षात सरकारी शल्यकक्षात रात्री एका अधिपरिचारिकेकडे तीस-चाळीस रुग्ण असणे ही नवलाची गोष्ट नाही. त्यांपैकी सहा जणांची शस्त्रक्रिया त्याच दिवशी झालेली असेल, तर दर पंधरा मिनिटांनी सहा जणांना पाहणे एकीला शक्य नसते, आणि सलाईन बदलणे, इंजेक्शने, नवीन भरती, कोणाचे तरी नातेवाईक, हे सर्व वेगळेच. अमेरिकेतल्या लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांतल्या दोन लाखांहून अधिक शस्त्रक्रिया-रुग्णांच्या नोंदी तपासल्या. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असे त्यांनी २००२ साली दाखवले. तिथे तुलना चार रुग्णांची आठ रुग्णांशी होती. आपल्याकडच्या आकड्यांना ते गणित लावायचा विचार मनात आला तरी मी दचकते. गुंतागुंत होणे नेहमी टाळता येत नाही. ती वेळेत ओळखणे टाळले जाऊ नये. पदे रिकामी ठेवून ते टाळले जाते, आणि त्याचा दोष शेवटी त्या रात्री ड्युटीवर असलेल्या एकटीच्या माथी येतो.

अशा स्थितीत आपल्याकडचे नातेवाईक हाच वॉर्डाचा मोठा आधार ठरतो, आणि त्यांना गर्दी म्हणून हाकलण्यापेक्षा शिकवणे मला नेहमी शहाणपणाचे वाटले आहे. लघवीच्या पिशवीवर तासातासाला खूण करायला मुलाला सांगितले तर तो ती मनापासून करतो, आणि तासाला तीस मिलिलिटरपेक्षा कमी झाली तर मला उठव, हेही त्याला समजते. पण त्यांच्या मायेतून काही घातक गोष्टीही होतात. कमरेत भूल दिलेल्या आईचे पाय गार लागले म्हणून लेक गरम पाण्याची पिशवी ठेवते. आईला चटका कळत नाही आणि फोड येतात. तिसऱ्या दिवशी मुलगा प्रेमाने पोटऱ्या चेपू लागतो. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून त्याला सांगायचे, की चेपू नकोस, त्याऐवजी दर तासाला आईला पावले वर-खाली हलवायला लाव आणि मोज. सेवा करण्याची त्याची इच्छा तशीच राहते, तिला योग्य काम मिळते.

खोकायचे कसे हेही शिकवावेच लागते. टाके तुटतील या भीतीने रुग्ण श्वास वरवर घेतात, कफ साचतो आणि विडी ओढणाऱ्यांना न्यूमोनिया गाठतो. उशी पोटाशी घट्ट धरून खोकले की दुखणे सोसवते. तीन छोट्या चेंडूंचे श्वासाच्या व्यायामाचे यंत्र दुकानातून आणून खाटेखाली ठेवले जाते. ते तासाला दहा वेळा ओढले जाते का हे पाहणारे कोणी नसेल तर त्याचा उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी उठून बसवायचे, पाय खाली सोडून दोन-चार मिनिटे थांबायचे, मग उभे करायचे. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकापासून लवकर खाणे, लवकर चालणे आणि वेदना नीट आवरणे यांची जी सांगड घातली, ती आता जगभर स्वीकारली गेली आहे. आपल्याकडे मात्र "अजून अंगात ताकद नाही" म्हणून झोपवून ठेवण्याला काळजी समजले जाते. खाण्याचेही तसेच. भाताने टाके पिकतात, आंबटाने पू होतो, डाळ वातूळ म्हणून नको, असे करत करत जखम भरून यायला लागणारे सर्वच ताटातून जाते आणि चहा-बिस्किटे राहतात. डॉक्टरांनी तोंडाने घ्यायची परवानगी दिली, की पेज, मुगाचे वरण, अंडे खाणाऱ्यांना अंडे आणि लिंबू, हे मी त्या घरच्या वडीलधाऱ्या बाईला समोर बसवून सांगते, कारण स्वयंपाकघरात तिचा शब्द चालतो.

घरी जायच्या दिवशी डिस्चार्ज कार्डावर 'जड वजन उचलू नये' असे लिहिलेले असते. जड म्हणजे काय, हे ज्याच्या त्याच्या घरावर अवलंबून आहे. म्हणून विद्यार्थिनींनी आधी विचारावे, की घरी पाणी कुठून येते, दळण कोण आणते, गोठ्यात कोण जाते, कडेवर घ्यायचे मूल आहे का. मग सांगावे: भरलेला हंडा नाही, पाणी शेंदणे नाही, दळणाचा डबा नाही, नातवाला बसल्या जागी मांडीवर घ्या पण उचलू नका. ताप आला, टाक्यातून पाणी किंवा पू आला, पोट फुगले, पोटरी सुजली, धाप लागली तर टाके काढायच्या तारखेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी यायचे. हे सगळे मराठीत, ठळक अक्षरांत, वॉर्डाच्या फोन नंबरासह लिहून द्यावे, आणि मग रुग्णाला म्हणावे, "आता हेच मला तुमच्या शब्दांत सांगा बरं." त्यात काही सुटले तर पुन्हा सांगावे, खाली रिक्षा थांबली असली तरी.